पाऊण तास

पोस्टाच्या रांगेत पुढे दोनच माणसं उरली असताना आप्पा निघून घरी आले. महिन्यातली ही तिसरी खेप. थोरल्या लेकीला ते शेजारणीकडून कळलं. आप्पांना आता हातातलं काम तडीस नेता येत नाही, असं तिने धरूनच घेतलं. आठवडाभरात ती त्यांना स्मृती-बुद्धीच्या तपासणीला घेऊन आली. निकाल वाईट आला तर घराला कुलूप लावून आप्पांनी तिच्याकडे राहायचं, असं ठरलं होतं. म्हणजे तिनेच ठरवलं होतं.

तपासणाऱ्या बाईंनी टेबलावर एक नकाशा ठेवला. त्यात घर, पोस्ट, दवाखाना, दुकानं. कामं सहा, वेळ तीन तास. कुठून कुठे जायला किती मिनिटं लागतात, ते छापलेलं होतं. हाच कागद दहा वर्षांची पोरंही सोडवतात, असं बाई धीर द्यायला म्हणाल्या. लेकीला उलट धडकीच भरली.

आप्पांनी एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखली होती. त्यांच्या गाड्या बघून लोक घड्याळं लावतात, असं त्यांची बायको येईल-जाईल त्याला सांगायची. आज मात्र पेन्सिल पुन्हा पुन्हा घराकडे वळत होती. कागदावरचे तीन तास भरले तेव्हा चारच कामं झाली होती.

"मध्येच तीनदा घरी का आलात?" बाईंनी विचारलं.

"पाऊण तासाच्या वर तिला एकटं ठेवत नाही मी. कूस बदलून द्यावी लागते."

लेकीने मान खाली घातली. आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिला जाऊन आठ महिने झाले, हे तिने बाईंना हळूच सांगितलं.

बाईंनी ती पाऊण तासाची अट धरून सगळं गणित नव्याने मांडलं. एकदा, मग परत एकदा.

"चारच होतात," त्या म्हणाल्या. "पाचवं कोणालाच जमणार नाही. यांची आखणी एका मिनिटानेही चुकलेली नाही."

लेकीचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी कोरा नकाशा पुढे सरकवला. "आप्पा, आता घरी कोणी नाही, असं धरून करा."

आप्पांनी पेन्सिलीला टोक काढलं. कागद सरळ केला. घराच्या चौकोनावर पेन्सिल टेकवली. ती तिथून हलेना.

तो कागद अजून भरायचा राहिला आहे.