कळेवर कळ

पोटातलं बाळ सकाळीच गेलं होतं, पण बाळंतपण काही चुकणार नव्हतं. सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन सिस्टर भूल देणाऱ्या डॉक्टरांशी भांडत होती.

"पाठीतली नळी आता कशाला? मूल तर राहिलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच, सर. तिच्या हाती काही लागणार नाही. निदान कळा तरी फुकटच्या नकोत."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. मणक्यात बारीक नळी गेली, तिचं दुसरं टोक औषधाच्या पंपाला. पंपाला वायरीने एक बटण जोडलेलं. या वॉर्डात त्याला कोणी बटण म्हणत नसे, कळ म्हणत. नाव सिस्टरनेच पाडलेलं. 'कळेवर कळ' हा तिचा ठेवणीतला विनोद. त्यावर कण्हणाऱ्या बायकाही हसायच्या. आज कुठला विनोद! तिने कळ खाटेवरच्या पोरीच्या मुठीत ठेवली.

"पहिलं औषध तासभर पुरेल. मग कळ आली, की कळ दाबायची. कळलं?"

पोरीने मान हलवली.

शेजारच्या खोलीत एकीची जुळी अडून बसली होती. सिस्टर तिथे अडकली ती अडकलीच. मधून दोनदा दारातून डोकावून गेली. पोर निपचित, डोळे मिटलेले, मूठ घट्ट. बाहेर बाकावर बसलेली पोरीची आई म्हणाली, "हूं नाही की चूं नाही. लहानपणापासून अशीच सोशिक."

सोशिक कसली, औषधाची करामत, सिस्टर मनात म्हणाली. तिला बरं वाटलं. आजच्या दिवसात एवढं एकच काम तिच्या हातून धड झालं होतं.

दुपार कलताना बाळ बाहेर आलं. मुलगी होती. रडण्याचा आवाज नाही. लेकीचा नाही, तिच्या आईचाही नाही. सिस्टरने बाळाला पुसलं, दुपट्यात गुंडाळून पोरीच्या कुशीत दिलं आणि नोंद करायला पंपाकडे वळली. कळ किती वेळा दाबली, तो आकडा पंपावर येतो.

शून्य.

तिने पुन्हा वाचलं. आता कुठे तिने पोरीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खालचा ओठ दातांनी पार फाटला होता.

"अगं, कळ का नाही दाबलीस?"

पोरीने मूठ उघडली. धरायला दिलेली वस्तू सांभाळून परत केली.

"दाबली ना, सिस्टर. तुम्ही सांगितलं तशी. एकूण एक दाबली. एकही बाहेर येऊ दिली नाही."