तिसरा प्रश्न

"झोप लागते का, मथुराबाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय ओ. रात्रभर डोळ्याला डोळा नाय." मथुरेने चेहरा जमेल तेवढा पाडला.

दारातला कंपाउंडर फिसकन हसला. "साहेब, आत्ता बाहेर बाकड्यावर घोरत होत्या. तीन हाका मारल्या तेव्हा उठल्या."

मथुरेने उगाच पदर सारखा केला. खोटं बोलायची सवय नाही, तर ते ऐन वेळी जमणार कसं!

"रडू येतं?"

"आता नाय येत." एवढं मात्र तिला खोटं सांगवेना.

डॉक्टरांनी केसपेपर चाळला. "दीड वर्षापूर्वी आलात तेव्हा इथे भिंतीकडे तोंड करून बसला होतात. आता आठ महिने ठणठणीत आहात. गोळ्या थांबवू या. एकदम नाही, महिनाभर रोज अर्धी, मग बंद. पुन्हा तसं वाटलं तर लगेच यायचं."

"आनि नाय वाटलं तर?"

"तर कशाला यायचं? सुटलात!"

मथुरेला मुंबईहून मुलाचं पोस्टकार्ड यायचं, त्यात 'तब्येतीला जप' एवढंच असायचं. शेजारची कमळा, मथुरा वेडाच्या गोळ्या खाते म्हणून, कुंपणापलीकडूनच बोलायची. तिची विचारपूस करणारं माणूस महिन्यातून एकदा, मंगळवारी, ती आपल्या गोळप गावाहून एसटीने इथवर दवाखान्यात आली की भेटायचं. आज तेच तिला सुटलात म्हणत होतं.

तिने चिठ्ठी पिशवीत ठेवली आणि उठली. कंपाउंडरने पुढचं नाव पुकारलं. दारापर्यंत गेलेली मथुरा मागे वळली.

"डाक्तर, जेवण जातं काय, ते आज इचारलंत नाय."

डॉक्टरांचं पेन दुसऱ्याच्या कागदावर टेकलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, आणि पुढच्या माणसाला हातानेच थांबायला सांगितलं.

"जेवण जातं का, मथुराबाई?"

मथुरा परत येऊन स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"सकालपासून सांगू?" तिने विचारलं.