दुसरी हाक

कोपऱ्यावरच्या कॅफेत कॉफी तयार झाली की काउंटरवरची मुलगी नाव पुकारायची आणि ज्याने त्याने आपला कप उचलून न्यायचा. खिडकीपाशी एकटेच बसणाऱ्या आजोबांनी नाव सांगितलं होतं, बंड्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असं पुकारायला तिची जीभ रेटायची नाही. त्यातून आजोबा पहिल्या हाकेला कधी उठायचे नाहीत. "बंड्या, कॉफी निवतेय," असं चिडून दुसऱ्यांदा ओरडावं, तेव्हा कुठे ते गालात हसत, रमतगमत यायचे.

कमी ऐकू येत असणार, असं धरून आज तिने हाक मारलीच नाही. कप थेट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"आजोबा, यापुढे इथेच आणून देत जाईन. तुम्ही उठायची तसदी घेऊ नका."

आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी कप हळूच तिच्याकडे सरकवला.

"माझे कान ठणठणीत आहेत गं. पण या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. पहिल्या हाकेला उठलो, तर दुसरी ऐकायला मिळत नाही."