एका खणाचं ब्लाउज

"थांब. अशीच जाऊ नकोस," एवढंच बोलून अंबुबाई माघारी स्वयंपाकघरात गेल्या आणि महानंदा उंबऱ्याशीच थबकली. आता सासूबाई काय बोलणार, देव जाणे!

बाहेर ऑटो उभा होता. चामराजपेटची ती गल्ली मुळातच चिंचोळी, त्यात ऑटोनं वाट अडवलेली, म्हणून मागचा स्कूटरवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. तिचा नवरा रत्नाकर पिशवी घेऊन पुढं झाला होता. पिशवीत थर्मास, टॉवेल आणि पुढून बटणांचे गाउन. ऑपरेशननंतर काही दिवस हात वर होणार नाहीत, तसलेच गाउन आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. शिवाजीनगरच्या दुकानात महानंदानं ते घेतले, आणि दुकानदारानं विचारलं तेव्हा बाळंतिणीसाठी हवेत म्हणून ठोकून दिलं. खरं कुठल्या तोंडानं सांगणार? छाती कमी करून घेणार आहे म्हटलं तर बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसतील.

घरात मात्र तिनं खरं सांगितलं होतं, आणि तिथंच सगळं अडलं होतं.

"देवानं दिलेलं कापून टाकायचं?" अंबुबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी तोंडच उघडलं नाही. भाकरी वाढायच्या, भाजी हवी का विचारायच्या, पण ऑपरेशनचं नाव निघालं की उठून जायच्या. महानंदानं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून निपाणीच्या नणंदेला फोन लावला. "आईच्या मनातलं आईलाच ठाऊक बघ," म्हणून नणंदेनंही हात झटकले. रत्नाकर बिचारा म्हणाला होता, "दुखतंय तुझं, तू ठरव. मी आहे." तिनं ठरवलंही. पण सासूनं उंबऱ्यावर एकदा नको म्हटलं असतं, तर तिचं पाऊल पुढं पडलं नसतं. आणि आज माघारी फिरली, तर पुन्हा हे धाडस आपल्यानं व्हायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अंबुबाई बाहेर आल्या. हातात ताट. ताटात हळदीकुंकू, तांदूळ, नारळ आणि वर घडी घातलेला खण.

"आई, ऑपरेशनला कोण ओटी भरतं?" रत्नाकर वैतागला. "ऑटो थांबलाय तिकडं."

"थांबू दे की. स्वल्प थांब म्हणावं त्याला. बाळंतपणाला जाताना भरतात, मग ह्याला का नको? दोन्ही जिवावरचंच." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "पदर पसर गं."

महानंदानं पदर पसरला. कुंकू लागलं, तांदूळ पडले, नारळ पडला. वर खण आला. हिरवागार, काठाला लाल रेघ. नेहमीसारखा तिनं तो कपाळाला लावला. मनात आलं, हा आता कुणाला द्यावा? लग्न होऊन या घरात आल्यापासून किती ओट्या भरल्या गेल्या, पण त्यातला एक खण तिच्या अंगाला लागला असेल तर शपथ! टेप लावला की टेलर च्च च्च करायचा आणि भर दुकानात सांगायचा, "अक्का, तुम्हाला दीड खण लागतो." मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग ती मुकाट्यानं मीटरवर सुती कापड घ्यायची आणि ओटीतले खण वाटून टाकायची. साऱ्या भावकीच्या अंगावर महानंदाचे खण, आणि महानंदा आपली साध्या सुती ब्लाउजात, वर दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेली.

"हा कुणाला देऊन टाकशील तर बघ," अंबुबाई म्हणाल्या. "हा तुझा. एका खणात ब्लाउज बसतंय का नाही, ते बघायला मी स्वतः येणार टेलरकडं."

महानंदा बघतच राहिली. तिला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा डोळे भरून आले.

"आत्याबाई, तुम्ही रागावला नव्हता?"

"राग कसला गं? भ्याले होते. सुरीचं नाव निघालं की मी उठून पळतेय." अंबुबाईंनी तिचा पदर नीट खोचून दिला. "रोज रात्री बाम चोळतीस, कण्हतीस, ते भिंतीपलीकडं मला ऐकू येत नाही होय? पट्ट्यांनी खांद्याला खाचा पडल्यात तुझ्या. बैलाची मान सोलवटली तर मालक हळद तरी लावतो. आणि मी घरातली बाई असून तोंड शिवून बसले!"

ऑपरेशन अजून व्हायचं होतं, पण महानंदाच्या मनावरचं ओझं तिथंच, उंबऱ्यावर उतरलं. तिला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं नाक गळायला लागलं. रत्नाकरनं उगाचच पिशवीची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"अम्मा, बेगा बन्नी!" लवकर या म्हणून बाहेरून ऑटोवाला कानडीत ओरडला.

"आले, आले," म्हणत एका हातानं भरली ओटी सावरून ती सासूच्या पाया पडायला वाकली. अर्ध्यावर मानेत कळ आली आणि श्वास अडकला. अंबुबाईंनी तिला दंडाला धरून सरळ केलं.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "परत आल्यावर वाक. तेव्हा सोपं जाईल."