ऑडिटमधला मुलगा

"आमचा ऑडिटमध्ये असतो," आईनं मुलीच्या वडिलांना सांगितलं आणि पोहे माझ्या घशात अडकले. मी ऑडिशनमध्ये असतो. रांगेत थांबतो, कॅमेऱ्यासमोर नाव-उंची सांगतो, डावीकडे-उजवीकडे वळून चेहरा दाखवतो, 'कळवतो' ऐकतो आणि घरी येतो. कळवत कोणीच नाही. आईला दोन्ही शब्द एकच वाटतात.

वडील खुलले. "अरे वा! मीही ऑडिटमधूनच रिटायर झालो. सध्या कोणाचं चालू आहे?"

मुलगी मनापासून आवडली होती, आणि ऑडिशनवाल्याला कोणी मुलगी देत नाही. मी नसलेला चष्मा नाकावर सरकवला. "एका पतपेढीचं. फार घोळ आहे हो, काका." कपाळावर आठ्या आणल्या, उसासा टाकला. आयुष्यातलं सर्वोत्तम काम केलं.

काका भारावले. "ते डावीकडे बघा, माझं निरोपाचं मानपत्र."

मी डावीकडे वळलो. मग सवयीनं उजवीकडेही वळलो. मग समोर बघून नाव आणि उंची सांगितली.

मुलगी खुदकन हसली. काका हसले नाहीत. "कळवतो," म्हणाले.

जिना उतरताना आईनं आनंदानं माझा हात दाबला. "ऐकलंस ना? कळवतो म्हणाले!"

ऑडिशनचा अर्थ तिला केव्हाही सांगता येईल. या शब्दाचा सांगायचा धीर होईना.