जुळणीचे दोन तारे

"सर, स्वाती कुठला ते दाखवा, म्हणजे हिला सुरू करता येईल," कर्टिस म्हणाला. त्याच्या हातातल्या, दुर्बीण चालवायच्या डबीवर लाल अक्षरे थांबली होती: स्वाती मध्यावर आणा.

सूर्य मावळला होता. धान्याच्या उंच कोठारामागच्या खडीच्या पटांगणावर आकाशनिरीक्षण क्लबची माणसे आपापल्या दुर्बिणी उभारत होती. सगळ्यांच्या विजेऱ्यांवर लाल कागद होता. पांढरा उजेड इथे निषिद्ध; त्याने अंधाराला सरावलेले डोळे दिपतात. मोटारीसुद्धा रस्त्याच्या वळणापासून दिवे बंद करून आणायच्या आणि तशाच न्यायच्या, हा नियम सरांनीच, म्हणजे वेंडेल फेरने, घातलेला. आजही त्याने गाडी तशीच आणली होती, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, लिओनाने, दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती.

मार्लीस टपाल कचेरीतून नुकतीच निवृत्त झाली होती आणि तिला पहिली दुर्बीण घ्यायची होती. एकाच किमतीत दोन मिळत होत्या: मोठ्या आरशाची, हाताने फिरवायची; किंवा लहान आरशाची, संगणकाची, जी ग्रहाचे नाव निवडताच आपणहून तिकडे वळते.

"संगणकाची दुर्बीण म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान," वेंडेल म्हणाला. "उत्तरं सगळी असतात, गणित एकही नसतं."

"शाळेत मी तेच पान आधी उघडायचे, सर."

"आणि पास झालात?"

"टपालात लागले. समजून घ्या काय ते."

कर्टिस हसला. तो वेंडेलच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातला जुना विद्यार्थी. संगणकाची दुर्बीण घेतल्यापासून त्याला सगळे सापडत गेले, त्यामुळे कुठे काय आहे हे शिकण्याची वेळच आली नाही. मात्र प्रत्येक वेळी यंत्राला सुरुवातीचे दोन तारे माणसाने दाखवावे लागत. त्यांवरून उरलेले आकाश ते स्वतः मांडून घेई. ते दोन तारे कर्टिस दर महिन्याला सरांना विचारायचा.

"सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्यायचा," वेंडेलने मार्लीसला सांगितले. "जो ठळक नारिंगी तारा लागतो, तो स्वाती." सप्तर्षी अजून उमटले नव्हते. वेंडेलने हात उचलला आणि थेट डोक्यावरचा तारा दाखवला.

लिओना गाडीच्या मागच्या फळीवर बेरीचा केक कापत होती. तिने वर पाहिले. तो तारा निळसर पांढरा होता. नारिंगी तारा पश्चिमेला, कोठाराच्या कडेशी, बराच खाली होता. शेपटीचा बाक तिने इतक्यांदा ऐकला होता की तिला तो झोपेतही सांगता आला असता.

गेल्या हिवाळ्यापासून घरात वेंडेलच्या आठवणीतून बरेच काही निसटत होते: शेजाऱ्यांची नावे, गोळ्या घेतल्या की नाही, शेगडीचे बटण. पण आकाश शाबूत होते. ज्याला अख्खे आकाश पाठ आहे त्याच्या डोक्याला काय झाले असणार, असे म्हणून तिने डॉक्टरांची भेट दोनदा पुढे ढकलली होती.

"आता अभिजित मागतेय," कर्टिस म्हणाला.

वेंडेल क्षणभर थांबला. मग त्याने दक्षिणेचा एक तारा दाखवला. तो श्रवण होता; अभिजित म्हणजे मघाचाच डोक्यावरचा पांढरा तारा. दुर्बीण घरघरली, थबकली. डबीवर अक्षरे आली: जुळणी फसली.

कर्टिसने पहिल्यापासून सुरुवात केली. तेच दोन तारे, तेच उत्तर.

"दोन ताऱ्यांमधलं अंतर पटत नाही म्हणतेय." त्याने डबीवर टिचकी मारली. "हिला सरांपेक्षा जास्त कळायला लागलं. गेली वाटतं कामातून."

"मग माझं ठरलं," मार्लीस म्हणाली. "हाताचीच घेते. पण सर, तुम्ही शिकवायचं. प्रत्येक महिन्याला."

"शिकवीन की. आकाश कुठे पळून जातंय?"

यंत्राला आकाश दिसत नव्हते. त्या दोन ताऱ्यांमध्ये किती अंतर असायला हवे, एवढेच त्याला ठाऊक होते; तेवढे मोजून ते नाही म्हणाले होते. लिओनाने सुरी पुसली, फडक्यात गुंडाळली आणि त्यांच्याजवळ गेली.

"मार्लीस, तुम्ही संगणकाची घ्या."

"ही? बिघडलेली?"

"ती बिघडलेली नाही."

कर्टिसने लिओनाकडे पाहिले, मग वर, त्या पांढऱ्या ताऱ्याकडे. पण त्याला त्यातून काहीच कळण्यासारखे नव्हते.

एव्हाना अंधार पुरेसा दाटला होता आणि वायव्येला सप्तर्षी उमटले होते. वेंडेलने बोट वर केले, शेपटीच्या ताऱ्यांवर एकेक करून टेकवले आणि बाक हळूहळू पुढे नेला. बोट खाली, पश्चिमेला उतरत गेले आणि कोठाराच्या कडेशी, नारिंगी ताऱ्यावर थांबले. ते तिथे बराच वेळ होते. मग ते वळून डोक्यावरच्या पांढऱ्या ताऱ्याकडे गेले, आणि हात खाली आला.

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढून लिओनाच्या तळहातावर ठेवली.

"जाताना दिवे लाव," तो म्हणाला. "इथूनच."