आपापला जोडीदार

“घाल गं, मला नाही एवढी थंडी वाजत,” म्हणत नीलांबरीने स्वतःचे लोकरी हातमोजे माझ्या हातांत कोंबले आणि सील बघायला खडकांच्या पलीकडे निघून गेली. नॉर्वेच्या उत्तर टोकावरचं निर्जन बेट होतं ते. भावजी वारल्यापासून माझी ही बहीण घराबाहेर पडत नव्हती. मीच हट्टाने तिला या सहलीला आणलं होतं.

अर्ध्या तासात धुकं उतरलं, वारा सुटला. बोटवाला ओरडायला लागला, तसे आम्ही धडपडत बोटीत चढलो. टूर लीडरने रोजच्यासारखं विचारलं, “आपापला जोडीदार शेजारी आहे ना? बघून घ्या!” आम्ही बारा जोडपी आणि एकटी ती. मी ह्यांचा दंड धरला आणि सगळ्यांबरोबर जोरात “हो” म्हणाले. पुढचा पाऊण तास बोट हेलकावत होती आणि निम्मी माणसं उलट्या करत होती.

धक्क्यावर गरम सूप मिळालं. तिच्यासाठीही पेला भरून घेतला आणि वळले.

बोटवाल्याने समुद्राकडे बघून नकारार्थी मान हलवली. धुकं उठल्याशिवाय बेटावर परत कोणीच जाऊ शकणार नव्हतं, बहुतेक सकाळपर्यंत.

टूर लीडरच्या कानाला फोन होता. “काकू, बचाव पथकवाले विचारतायत, त्यांच्या अंगावर काय काय आहे?”

“जाड कोट,” मी सांगू लागले, “कानटोपी, लोकरीचे पायमोजे, हात...”

सुपाच्या पेल्याभोवती माझे हात छान उबदार होते.